सात नंबरची कोरी चौकट

५ जानेवारी, सोमवार

कचेरीत नव्या डायऱ्या वाटल्या. दरवर्षी माझी डायरी घरी फोनशेजारी पडून राहते आणि पेन चालतंय का ते बघायला सगळे तिच्यावर रेघोट्या मारतात. यंदा लिहायचं ठरवलंय, कारण यंदा लिहिण्याजोगं काहीतरी माझ्या वाट्याला आलंय.

साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावून निर्णय फलकाचं काम माझ्याकडे सोपवलं. नदीवर अकरा ठिकाणी मीटर बसलेत. प्रत्येक मीटर दर पंधरा मिनिटांनी पाण्यातल्या घाणीचा एक आकडा पाठवतं. ते आकडे गोळा करून पडद्यावर अकरा चौकटी दाखवायच्या. आकडा वीसपर्यंत असेल तर हिरवी, पस्तीसपर्यंत पिवळी, त्यापुढे लाल. लाल झाली की पंपघराने नदीचं पाणी घेणं थांबवायचं. इतकी वर्षं हा निर्णय पंपघरातला ऑपरेटर घेत आलाय. ग्लासभर पाणी काढायचं, नाकाशी धरायचं, वास बरा वाटला नाही तर व्हॉल्व्ह बंद.

"नाकावर धोरण चालत नाही, मॅडम," साहेब म्हणाले.

मी गंभीरपणे मान डोलावली. खालच्या पंपघरातलं ते नाक माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचं आहे आणि त्याआधी एकतीस वर्षं बाबांचं होतं, हे साहेबांना ठाऊक नाही. लग्नानंतर माझं आडनाव बदललं. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

फलक पहिल्यांदा चालू केला. दहा चौकटी हिरव्यागार आणि सात नंबरची राखाडी. आकडाच नाही, कोरी. पहाटे पाचपासून आठपर्यंत सात नंबरने तोंड उघडलं नाही, नंतर आपोआप सुरू झालं.

मीटरवाल्याला पाठवलं. दुपारी परत आला तो हात झटकत. "बॅटरी ठणठणीत आहे मॅडम. तारपण ठीक आहे. त्याला बोलायचंच नसेल तर मी काय करणार?"

सात नंबर चामड्याच्या कारखान्याच्या थोडं खाली आहे. अकराच्या अकरा मीटर त्या कारखान्यानेच भेट दिलीत, बसवूनही दिलीत. लोक उठसूट कारखानदारांच्या नावाने बोटं मोडतात, चांगलं केलेलं मात्र कोणाला दिसत नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

सात नंबर आज पुन्हा कोरं. गेल्या शुक्रवारीही होतं, मंगळवारीही. नेहमी पहाटे, नेहमी तीनेक तास. मंगळवार-शुक्रवार त्या भागात वीज जात असावी असा माझा कयास आहे. वीज कचेरीला विचारायचं राहिलंय.

साहेबांना राखाडी रंग खुपतो. "राखाडी दिसलं की वाटतं आपण झोपलो होतो," म्हणाले. पुढच्या महिन्यात वरचे लोक फलक बघायला येणार आहेत. त्यांच्यापुढे भोकं पडलेली चादर कशी अंथरायची?

संध्याकाळी उपाय सुचला. आकडा आला नाही तर त्या मीटरच्या मागच्या सात दिवसांची सरासरी काढून तिथे भरायची. जगभर असंच करतात. एका ओळीचं काम. सात नंबरची सरासरी बारा येते, म्हणजे हिरवी. पडदा असा सुरेख दिसतोय की मी दोन मिनिटं नुसती बघत बसले.

१५ फेब्रुवारी, रविवार

जेवायला बाबांकडे गेले होते. बाबा धाकट्यासोबत पंपघराच्या आवारातल्या क्वार्टरमध्येच राहतात. मी लहानाची मोठी तिथेच झाले. रात्रंदिवस पंपाची घरघर असते. माहेरी गेलं की पहिली दहा मिनिटं मी ओरडून बोलते, मग कान सरावतात.

मी फलकाबद्दल सांगत होते. बाबा शांतपणे जेवत होते. मग म्हणाले, "म्हणजे तू तिसऱ्या मजल्यावर बसून इथला व्हॉल्व्ह चालवणार. उंटावरून शेळ्या."

"बाबा, माणसाचं नाक चुकतं. सर्दी होते."

"सर्दी झाली की मला कळायचं की सर्दी झालीय. मग मी शेजारच्याला वास घ्यायला लावायचो."

धाकट्याने विचारलं, "आणि मला वास आला, पण तुझा फलक हिरवा असला तर?"

त्याला समजावून सांगितलं की ऑपरेटरच्या मतालाही स्थान दिलंय. शंभर गुणांपैकी पाच. हा आकडा माझाच, साहेब तर दोन म्हणत होते.

"पाच?" धाकटा हसला. "ताई, शाळेत मला गणितात याहून जास्त पडायचे."

सगळे हसले, मीही हसले. पण परत येताना राग आला. शिकलेल्या मुलीचं कौतुक बाहेरचे करतात, घरच्यांना मात्र ती कालचीच पोर.

२ मार्च, सोमवार

फलक रीतसर सुरू झाला. वरचे लोक आले, टाळ्या झाल्या, माझं नाव घेतलं गेलं. आजपासून नियम असा: चौकट लाल असल्याशिवाय व्हॉल्व्ह बंद करायचा नाही. करायचाच असेल तर आमच्या कचेरीची लेखी परवानगी हवी. नियमाचा मसुदा मीच लिहिला. चार ओळींचा, कुठे पळवाट नाही. कारखान्याचे व्यवस्थापकही आले होते. सलग तीन महिने सगळ्या चौकटी हिरव्या राहिल्या तर त्यांना परवान्याचं नूतनीकरण विनातपासणी मिळणार आहे, त्यामुळे खुशीत होते.

२७ मार्च, शुक्रवार

जे व्हायला नको होतं ते झालं. धाकट्याने पहाटे सव्वापाचला व्हॉल्व्ह बंद केला आणि थेट नऊला उघडला. अर्ध्या शहराला पाणी नाही. प्रसूतिगृहातून फोन, शाळांतून फोन. फलकावर त्या सगळ्या वेळात हिरवं.

साहेबांनी दुपारपर्यंत त्याला निलंबित केलं. मला म्हणाले, "असली माणसं आहेत म्हणून तर आपला फलक हवा."

धाकट्याला फोन केला. त्याचं म्हणणं, ग्लास तोंडाजवळ नेता येत नव्हता, डोळ्यांतून पाणी आलं. या महिन्यात तीनदा त्याने लेखी परवानगी मागितली, उत्तरच आलं नाही. तीनदा तो नियमाला धरून गप्प बसला, आज नाही बसला. मी विचारलं, मला का नाही कळवलंस? तो म्हणाला, "ते तिन्ही अर्ज तुझ्याच कचेरीत आलेत की."

शोधले. आवक विभागात पडलेत, शिक्क्यांसकट.

३१ मार्च, मंगळवार

चौकशीसाठी तांत्रिक टिपणी मागितलीय, आणि ती मीच द्यायची आहे. नातं सांगून बाजूला व्हावं असा विचार शनिवारपासून करतेय. पण मग फलकावर शिंतोडे उडतील, की करणारीच्याच भावाचा त्यावर विश्वास नाही. शिवाय भाऊ आहे म्हणून सवलत द्यायची का? आपला तो बाब्या हे इतरांनी करावं, मला नाही जमणार.

मी लिहिलं होतं, "फलकावरील नोंदीनुसार त्या वेळी सातव्या क्रमांकाची चौकट हिरवी होती." साहेबांनी वाचलं आणि पेन टेबलावर ठेवलं. "हे वाचून कोणीही विचारेल, मग पाणी कसं होतं? सरळ लिहा ना."

मग सरळ लिहिलं. "त्या वेळी नदीचे पाणी पिण्यास योग्य होते." खाली सही, हुद्दा, तारीख.

२ एप्रिल, गुरुवार

धाकट्याचा फोन. त्याला टिपणीची प्रत मिळाली. भांडेल असं वाटलं होतं, भांडला नाही. एवढंच विचारलं, "सात नंबरचा आकडा किती होता त्या सकाळी?"

"बारा."

"मीटरने दिलेला?"

मी चिडले. म्हटलं, माझ्या कामाची परीक्षा तू घेऊ नकोस. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या सकाळचे मूळ आकडे उघडून बघायला हवेत. उद्या बघते.

१७ एप्रिल, शुक्रवार

त्याला कामावरून काढल्याचा हुकूम निघाला. कारण: "पाणी योग्य असतानाही पुरवठा बंद करून नागरिकांना वेठीस धरणे." योग्य हा शब्द माझ्या टिपणीतून उचललाय.

क्वार्टर महिनाअखेर सोडायचं आहे. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नोकरी गेली की घर जाणार, हे तिथे वाढलेल्या मुलीला सुचू नये?

मूळ आकडे अजून बघितलेले नाहीत. वार्षिक अहवालाचं काम आहे. हे कारण लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

२९ एप्रिल, बुधवार

सामान हलवायला गेले होते. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबत होते. मी हात पुढे केला तर त्यांनी कठडा धरला. नव्या घरात पंपाचा आवाज नाही, त्यामुळे त्यांना झोप येणार नाही असं धाकट्याची बायको म्हणाली. माझ्याशी ती नीट वागली. पाहुण्यांशी वागतात तशी.

४ मे, सोमवार

तीन नंबरचं मीटर बिघडलं म्हणून मीटरवाला नवं घेऊन आला. खोकं माझ्या टेबलावर ठेवून तो चहाला गेला. आतली पुस्तिका मी सहज चाळली. नवव्या पानावर लिहिलंय: हे मीटर पन्नासपर्यंतच मोजतं. घाण त्याहून जास्त असेल तर आकडा पाठवत नाही.

मग सात नंबरचे मूळ आकडे उघडले. जे पाच आठवड्यांपूर्वी उघडायचे होते ते.

जानेवारीपासूनचे सगळे मंगळवार, सगळे शुक्रवार. पावणेपाचला बारा, पाचला कोरं, आठपर्यंत कोरं, सव्वाआठला चौदा. वीज वगैरे कुठेही जात नव्हती. कारखाना आठवड्यातून दोनदा हौद रिकामे करतो. तेव्हा नदीत इतकं विष असतं की मीटरला मोजता येत नाही, आणि त्या मोकळ्या जागेत मी चांगल्या दिवसांची सरासरी भरत होते. पाणी जेवढं वाईट, तेवढं हमखास हिरवं. २७ मार्चला सकाळी सव्वापाचला धाकट्याचं नाक बरोबर होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर मी वळून दिला.

मीटरवाला चहाहून आला. त्याला विचारलं, तुला हे माहीत होतं? म्हणाला, "मॅडम, मला पुस्तिका कोण देतंय? मी तर खोकी उचलतो."

५ मे, मंगळवार

साहेबांना सांगितलं. सकाळी पाच ते आठ सात नंबर आजही कोरं होतं, तेही दाखवलं. ते बराच वेळ पुस्तिका उलटसुलट करत राहिले. आश्चर्य वाटल्यासारखं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. दमले असतील.

"हे लिहून देऊ नका," ते म्हणाले. "झाकली मूठ. फलकाच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. चाचणी होईपर्यंत आहे ते चालू द्या."

"आणि तो ऑपरेटर?"

"त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर निर्णय झाला. माहिती बदलली म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही."

तो माझा भाऊ आहे हे तेव्हा सांगितलं. साहेब दचकले, आणि मग चक्क त्यांचा चेहरा उजळला. "मग तर तुम्ही आता काही न बोललेलंच बरं, मॅडम. लोक काय म्हणतील?"

खोलीत आल्यावर टिपणी मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. खणात ठेवलं. खणाला कुलूप लावलं.

८ मे, शुक्रवार

आता मूळ आकडे घरीही दिसतात, तशी सोय करून घेतलीय. पाचला कोरं. चहा टाकला. साडेपाचला कोरं. खालच्या वस्तीत या वेळी नळाला पाणी येतं, लोक दिवसभराचं भरून ठेवतात. हे मला कोणी सांगायला नको. मी पाहिलं, आणि आंघोळीला गेले.

कचेरीत कुठूनशी बातमी आली की खालच्या वस्तीत पोटदुखी आणि उलट्यांचे रुग्ण वाढलेत. कोणीतरी म्हणालं, उन्हाळाच तसा आहे. मीही होय म्हणाले.

१२ मे, मंगळवार

आजचं सगळं जसं झालं तसं लिहिते.

नदी आटलीय. तेवढंच विष आणि अर्धं पाणी. आज पाचऐवजी साडेचारलाच सात नंबर कोरं झालं. मी पंपघराला फोन केला. नवा ऑपरेटर महिन्याभरापूर्वी लागलाय. आवाजावरून भला वाटतो.

"व्हॉल्व्ह बंद करा. लगेच," मी म्हटलं. कोण बोलतेय तेही सांगितलं.

"मॅडम, फलक हिरवा आहे."

"फलक चुकीचा आहे. मीच केलाय तो. मी सांगतेय, बंद करा."

"वास तर मलाही येतोय. पण लाल नसताना बंद करायचं तर लेखी परवानगी लागते. तुम्ही पाठवा, मी लगेच करतो."

"परवानगीवर साहेबांची सही लागते."

"मग मी काय करू, मॅडम? माझ्याआधीच्याने असंच बंद केलं होतं. तुम्हाला माहीतच असेल त्याचं काय झालं."

साहेबांचा फोन बंद. तीनदा लावला. मग धाकट्याला लावला. बाबांनी उचलला. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याशी बोलताना रडले. सगळं सांगितलं, सरासरी, पुस्तिका, टिपणी, खणातलं पत्र, सगळं. बाबा म्हणाले, "थांब, उठवतो त्याला."

धाकट्याने एकच विचारलं, "किती वेळ झाला?"

"चाळीस मिनिटं."

पंपघरात त्याला आता कोणी शिरू देणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "वस्तीत जातो," म्हणाला. "पिऊ नका म्हणून सांगतो लोकांना."

मी रिक्षाने साहेबांच्या घरी गेले, दार वाजवलं, सही घेतली. त्यांनी दिली. व्हॉल्व्ह सात वाजून दहा मिनिटांनी बंद झाला. फलक तेव्हाही हिरवाच होता.

१३ मे, बुधवार

इस्पितळात एकशे अठरा. त्यात एकोणतीस लहान मुलं. त्यातल्या दोघांची खात्री डॉक्टर देत नाहीत.

सकाळी खणातलं पत्र काढून वरपासून खालपर्यंत सगळ्यांना पाठवलं, पुस्तिकेच्या नवव्या पानासकट. साहेब म्हणाले, "आठ दिवसांपूर्वी पाठवलं असतंत तर गोष्ट वेगळी." खणाचं कुलूप मी लावलं होतं हे खरं, पण ती गोष्ट तुम्ही तरी काढू नका, असं म्हणणार होते. म्हटलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणू?

संध्याकाळी धाकट्याकडे गेले. तो जिन्यातच भेटला, पायरीवर बसला होता. घरात बाबांना नुकता डोळा लागलाय, म्हणाला. मी एक पायरी खाली बसले. त्याचा आवाज पार बसला होता.

"ऐकलं नाही लोकांनी?" मी विचारलं.

"तुला माहीत नाही का? मार्चमध्ये लोक पाण्यासाठी चिडले होते ना, तेव्हा त्यांची समजूत काढायला तुझी टिपणी छापून लावलीय. प्रत्येक इमारतीच्या जिन्यात, तळमजल्यावर. मी दार वाजवलं की लोक आधी बाहेर येऊन तो कागद दाखवायचे. पाणी योग्य होतं, यानेच उगाच तोडलं, म्हणून काढला याला, आता आलाय सूड उगवायला. एका बाईने माझ्यासमोर तांब्या तोंडाला लावला. बघ म्हणाली, काही होत नाही."



"किती घरं फिरलास?"

"साठेक."

"एकानेही नाही ऐकलं?"

"एका घराने ऐकलं," तो म्हणाला. "भरलेलं सगळं पाणी ओतून टाकलं त्यांनी. त्या घरात कोणाला वाचता येत नाही."